विचारा की! हा काचेचा दिवा नेमका कुठला?

घरातल्या जुन्या वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी शहापूरची. मागच्या महिन्यात इकडच्या एका भंगारवाल्या अण्णांकडं लोखंडी कपाट बघायला गेलते, कपाट काय पसंत पडलं नाही पण रद्दीच्या गठ्ठ्यामागं एक काचेचा दिवा दिसला आणि तोच घेऊन आले, ₹१,८०० ला. काच बिनरंगाची, चांगली जाड, गोल, बूड बंद, वर गळा आणि गळ्यावर पितळी टोपी, तिला तीन स्क्रू, बोटानं फिरवायचे. रुंदी ९ इंच भरली. बाहेरून सगळीकडं आडव्या धारा हायत आणि आत वाकून बघितलं तर उभ्या धारा दिसतात. अण्णा म्हणाले कॅम्पातल्या बंगल्यातला माल हाय, बेल्जियमची काच हाय, दुसरीकडं डबल पैसे पडतील. मिस्टर म्हणायलेत बोटीवरचा असणार, त्यांच्या ऑफिसातल्या एकांनी गोव्याहून असाच आणलाय म्हणे. जाऊबाई म्हणतात हे असलं सगळं आता नवंच करून विकतात. मला काय कळेना झालंय. आणखी एक, उन्हात धरलं की एका बाजूला काच फिकट जांभळी दिसते, दुसऱ्या बाजूला नाही, ते डाग हायत काय? फोटो पाठवलेत. कुठला हाय, किती जुना, हॉलमध्ये लावला तर चालेल काय आणि पितळ चिंचेनं घासू का तेवढं सांगा.
– एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, आधी पितळेचं बघू कारण ते अर्जंट आहे. चिंच नको, लिंबू नको, बाजारातली पावडर पण नको, निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी त्या टोपीला काही लावू नका. जुन्या पितळी फिटिंगवर कारखान्यातच लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, पातळ हात दिलेला असायचा, चिंचेनं घासलं की तो उतरतो, मग पितळ आठ दिवस झकास चकाकतं आणि आपल्या पावसाळ्यात परत हिरवं पडतं, की परत घासा, असं घासत घासत त्यावर काही बारीक अक्षरं असतील तर ती कायमची जातात. आणि आपल्याला ती अक्षरं पाहिजेत.

आता काच. तुमचे फोटो मी मोठे करून करून बघितले आणि बघून लई आनंद झाला. ही बेल्जियमची काच नाही, बोटीवरचा दिवा नाही, आणि जाऊबाई म्हणतात तसा नवाही मला वाटत नाही. हा प्रिझमचा, म्हणजे उजेड वळवणाऱ्या धारांचा, ग्लोब आहे. जुन्या दिव्यांच्या धंद्यातली माणसं याला सरसकट होलोफेन म्हणतात, मग तो खुद्द होलोफेन कंपनीचा असो की तिचं बघून दुसऱ्या कुणी काढलेला असो. खुद्द कंपनीचा आहे का ते तुम्हाला घरीच बघायचंय, कसं ते सांगतो.

पण त्याआधी त्या धारांचं सांगू द्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे आणि विकणारा हे कधीच सांगत नाही, त्याला माहीतच नसतं. बाहेरच्या आडव्या धारेवरून नख वरून खाली ओढत न्या. एक बाजू तिरकी लागेल आणि एक बाजू एकदम आडवी, कड्यासारखी तुटलेली. आता गळ्याजवळच्या धारा आणि पोटाजवळच्या धारा सारख्या आहेत का बघा, नसणार. प्रत्येक धारेचा कोन थोडा थोडा बदलत जातो. ही नक्षी नाही, हा हिशोब आहे. आत बल्ब ज्या जागी असणार तिथून प्रत्येक धारेवर उजेड कुठल्या कोनात पडेल ते काढून, तो तिथून खाली वळावा म्हणून तेवढाच तिरकेपणा दिलेला आहे. वरच्या धारा छताकडं चाललेला उजेड परत खाली वळवतात. आणि आतल्या उभ्या धारा तोच उजेड आजूबाजूला पसरवतात म्हणजे बल्बचा एक ठिपका डोळ्यात न घुसता सगळा ग्लोब भरून उजळतो. आडव्या धारा बाहेर आणि उभ्या आत, ही जोडी बघितली की ओळख पटली म्हणायची. (बाहेर उभ्या धारा, आत गुळगुळीत आणि तोंड खाली उघडं असली तर ती याच घराण्यातली पण वेगळी वस्तू, तिला रिफ्लेक्टर म्हणतात, तीही चांगलीच असते. कुठं दिसली तर सोडू नका.)

ही कल्पना पॅरिसमधली, १८९३ च्या सुमाराची. आंद्रे ब्लोंदेल नावाचे फ्रेंच इंजिनिअर आणि स्पिरिडियन प्सारोदाकी नावाचे ग्रीक इंजिनिअर, या दोघांनी तिचं पेटंट घेतलं. पुढं ओटिस मायगाट या अमेरिकन माणसानं हक्क घेऊन १८९६ मध्ये लंडनला होलोफेन कंपनी काढली आणि मग अमेरिकेत. हे ब्लोंदेल म्हणजे साधे गृहस्थ नव्हते, आज तुम्ही एलईडी बल्ब घेताना खोक्यावर जे इतके इतके लुमेन लिहिलेलं बघता ते लुमेन नावाचं माप १८९४ मध्ये त्यांनीच सुचवलेलं आहे. म्हणजे उजेड मोजायचं माप देणारा माणूस आणि तुमच्या ग्लोबामागचं डोकं एकच. मला तर हे फार भारी वाटतं.

आता एवढा हिशोब कशाला, तर त्या काळी उजेड महाग होता. गॅसच्या दिव्याची जाळी नाहीतर कार्बनच्या तारेचा बल्ब, आणि तो बल्ब साधारण १६ कँडल पॉवरचा, म्हणजे आजच्या भाषेत २०० लुमेनच्या आसपास. आज आपल्या घरातला ९ वॉटचा साधा एलईडी ८०० ते ९०० लुमेन देतो. एवढ्याशा उजेडातला निम्मा छताकडं गेला तर खाली टेबलावर काय राहणार? म्हणून कारखाने, ऑफिसं, चर्च, वाचनालयं असल्या ठिकाणी, जिथं लोकांना खाली बघून काम करायचं असायचं तिथं हे ग्लोब लागले. दिवाणखान्यातल्या मिरवायच्या झुंबरांची ही जात नाही, ही काम करणाऱ्या दिव्यांची जात आहे आणि म्हणूनच मला ती जास्त आवडते.

कंपनीचं नाव शोधायचं ते असं. जमिनीवर जाड वाकळ अंथरा, दिवा त्यावर घ्या, दुसऱ्या माणसानं काच दोन्ही हातांनी धरायची आणि तुम्ही ते तीन स्क्रू थोडे थोडे करून आळीपाळीनं सैल करायचे. एकच स्क्रू पूर्ण काढला तर काच तिरकी होऊन गळ्याला टवका जातो, सगळ्यात जास्त काचा इथंच मरतात. स्क्रू अडकला असेल तर पक्कड लावू नका, मशीन ऑइलचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा. टोपी निघाली की गळ्याचा पट्टा उघडा पडेल, जो इतकी वर्षं पितळेखाली झाकलेला होता. नाव असलं तर बहुतेक तिथंच असतं, काचेतच उठलेलं, छापलेलं नाही. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही कारण काच पारदर्शक. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूनं आडवा मारा. तरी वाचता येत नसेल तर बटर पेपरचा तुकडा त्या पट्ट्यावर घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं फिरवा, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण करायचो तसं. अक्षरं कागदावर उठतील. होलोफेन असं नाव, पेटंटचा उल्लेख, आणि एखादा नंबर असं मिळालं तर काम फत्ते, तो नंबर म्हणजे कंपनीच्या यादीतला त्या मॉडेलचा नंबर, तो जपून लिहून ठेवा. काहीच मिळालं नाही तरी नाराज होऊ नका, पेटंटची मुदत संपल्यावर दुसऱ्यांनीही असे ग्लोब काढले आणि त्यातले कित्येक चांगले आहेत. आणि उलटंही लक्षात असू द्या की ते नाव आजही बाजारात चालू आहे, तेव्हा नुसत्या नावावरून वस्तू शंभर वर्षांची ठरत नाही.

वयासाठी तुम्ही ज्याला डाग म्हणताय तो जांभळेपणा बघू. तो डाग नाही ताई, तो तुमच्या दिव्यातला सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. काचेच्या वाळूत लोखंडाचा अंश असतो त्यामुळं काच हिरवट येते, तो हिरवटपणा मारायला पूर्वी भट्टीत मँगनीज घालायचे. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की त्यातल्या मँगनीजमुळं ती हळूहळू जांभळट होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बऱ्याच कारखान्यांनी मँगनीज सोडून सेलेनियम धरलं, म्हणून अशी जांभळी झाक असलेली काच सहसा त्या काळातली किंवा त्याआधीची धरतात. सगळ्यांनी एकाच दिवशी मँगनीज सोडलं असं झालं नाही, त्यामुळं वर्ष सांगता येत नाही, पण काळाचा अंदाज येतो. आणखी खात्री पाहिजे तर नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च कुठल्याही किराणा दुकानदाराकडं असतो, तो अंधारात काचेवर मारा, मँगनीजची काच फिकट हिरवी उजळते.

आणि एकाच बाजूला झाक का, ते बघा. आजकाल किरणं मारून मुद्दाम जांभळी केलेली काच विकतात, ती सगळीकडून सारखी आणि गडद जांभळी असते. तुमची एकाच बाजूनं फिकट आहे म्हणजे हा दिवा लई वर्षं एकाच जागी टांगलेला होता आणि त्याच्या एकाच अंगाला ऊन लागत होतं. घराच्या आत टांगलेल्या दिव्याला असं ऊन कुठलं? हा व्हरांड्यातला असणार, नाहीतर मोठ्या खिडकीजवळचा. कॅम्पातले जुने बंगले बघा, पुढं लांब व्हरांडा असतोच. अण्णांची बेल्जियमची गोष्ट मी मानत नाही पण कॅम्पातल्या बंगल्याची गोष्ट मला पटायला लागलीय. त्यांच्याकडं परत जाऊन गोड बोलून विचारा की त्या लॉटमध्ये आणखी काय काय आलं होतं, कारण असले ग्लोब व्हरांड्यात ओळीनं लावायचे, जोडीदार अजून तिथंच पडलेला असू शकतो.

पितळी टोपीकडं परत येऊ. गळ्याचं बाहेरचं माप घ्या. सव्वातीन इंच, सव्वादोन इंच अशी इंचातली नेमकी मापं आली तर जुन्या इंग्रजी-अमेरिकन पद्धतीची वस्तू, कारण या गळ्यांची मापं ठरलेली होती. टोपीला बोटानं फिरवायच्या तीन स्क्रूंशिवाय दुसरे बारीक स्क्रू असतील तर त्यांच्या डोक्यावर एकच सरळ खाच आहे की अधिकची खूण? अधिकच्या खुणेचा स्क्रू १९३० च्या दशकात निघाला, तो मूळचा असेल तर वस्तू त्यानंतरची, पण स्क्रू कुणीही बदलतं, तेव्हा या एका गोष्टीवर भांडण करायचं नाही. होल्डर बघा, दोन पिनांच्या खाचेचा असेल तर इंग्रजी पद्धत, जी आपल्याकडं आजही चालते. आट्यांचा असेल, आणि तो खरंच जुना असेल, तर मात्र अमेरिकेकडं किंवा युरोपच्या इतर देशांकडं संशय जातो, आणि मग मिस्टरांचा गोव्याचा मुद्दा पुन्हा विचारात घ्यावा लागेल, चोर्ला घाट उतरला की पोर्तुगीज मुलूखच होता की १९६१ पर्यंत. होल्डरवर आयएसआयचा शिक्का दिसला तर तो होल्डर स्वातंत्र्यानंतर बसवलेला, एवढंच, काचेबद्दल तो काही सांगत नाही. वायर सुती कापडात गुंडाळलेली, दोन पदरी पीळ दिलेली असेल तर जुनी, प्लास्टिकची असेल तर नंतर कुणीतरी बदललेली.

टोपीच्या आतल्या बाजूला कुठं एम अँड एस एम अशी अक्षरं कोरलेली सापडली तर मला लगेच कळवा. ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची, १९०८ मध्ये झालेली कंपनी, आपल्या बेळगावच्या लाईनवर १९५१ पर्यंत त्याच नावाची रेल्वे होती. तसं निघालं तर व्हरांडा बंगल्याचा नसून स्टेशनाचा ठरेल.

बोटीवरचा का नाही ते मिस्टरांना एवढं सांगा. बोटीच्या दिव्याला खारं पाणी आणि हेलकावे सोसायचे असतात, म्हणून त्याचं अंग ओतीव पितळेचं, चांगलं जाड, काचेवर पितळी पिंजरा, काच आणि पितळेमध्ये रबराचा वायसर, आणि वायर आत शिरते तिथं पाणी अडवायला आवळायची ग्लँड. काच बहुतेक बरणीसारखी आट्यांची असते. नुसत्या तीन स्क्रूंच्या आधारावर लोंबणारा ग्लोब बोटीवर एक वादळ टिकणार नाही. गोव्याच्या आणि मुंबईच्या बाजारात बोटीचे दिवे भरपूर मिळतात हे खरं, त्यातला बराच माल गुजरातच्या अलंगमधून येतो, तिथं १९८३ पासून जहाजं फोडतात, आणि ते दिवे बघायला गेलं तर फार जुने नसतात.

आणि बेल्जियम! आपल्याकडं जाड काच म्हटलं की बेल्जियम, आरसा म्हटलं की बेल्जियम, देवघराच्या कपाटाची काच पण बेल्जियम. बेल्जियममध्ये उत्तम काच होत होती यात वाद नाही, लिएजजवळचा व्हॅल सेंट लॅम्बर्टचा कारखाना १८२६ पासूनचा आहे आणि त्यांचं क्रिस्टल जगभर गेलं. पण ती शिशाची काच, चाकावर धरून कापलेली, तिच्या कडा बोटाला धारदार लागतात आणि टिचकी मारली की नाद लांबतो. तुमची काच साच्यात दाबून काढलेली आहे, तिच्यावर बारकाईनं बघितलं तर साच्याच्या जोडाची पुसट रेघ वरून खाली आलेली दिसेल, धारांच्या कडाही किंचित गोल लागतील. दोन वेगळ्या रीती आहेत, त्यात कमी-जास्त काही नाही. मला राग येतो तो एवढ्याचाच की बेल्जियम म्हटल्यावर माणूस वस्तू बघायचं सोडून देतो.

हॉलमध्ये लावायचं म्हणताय, जरूर लावा, असली वस्तू कपाटात ठेवू नये. धुताना कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि धारांच्या दिशेनं घासायचं, म्हणजे बाहेर आडवं आणि आत उभं. या धारांत धूळ आणि किडे साठतात हेच या ग्लोबांचं एक दुखणं, वर्षानुवर्षांचा थर निघाल्यावर उजेडातला फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. सिंकमध्ये धुऊ नका, प्लास्टिकच्या टबात खाली टॉवेल टाकून धुवा. गरम पाणी अजिबात नको, जाड काच एका जागी तापली की तडकते. पितळ नुसतं कोरड्या सुती फडक्यानं पुसा, हिरवट साका असेल तेवढाच रॉकेलच्या बोळ्यानं काढा.

जुनी वायर मात्र कितीही देखणी असली तरी काढायचीच. आतलं रबर वाळून भुगा झालेलं असतं, इथं हौस चालत नाही. नवीन वायर, नवीन होल्डर, आणि टोपी धातूची आहे म्हणून तिला अर्थिंगची हिरवी वायर वेगळी जोडायला सांगा, आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन लाईटच्या पॉईंटला अर्थिंग कशाला म्हणून टाळतात, तुम्ही उभं राहून करून घ्या. वजन काट्यावर करा आणि लाकडी पट्टीवर अँकर ठोकून टांगू नका, पंख्याच्या हुकाला टांगा. काच परत बसवताना तीन स्क्रूंच्या टोकांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे घाला, आणि स्क्रू काचेला टेकले की थांबा, परत एक आटा आवळायचा मोह होतो तो टाळा. काच गळ्यात किंचित हलली पाहिजे, पण सुटली नाही पाहिजे.

बल्ब दुधी नको. या धारांना उजेड एका लहान जागेतून आलेला पाहिजे, म्हणून पारदर्शक काचेचा, आत पिवळ्या काड्या दिसतात तो फिलामेंट एलईडी घ्या, ४ ते ६ वॉट पुरे, बूड बंद असल्यामुळं आत उष्णता कोंडते. आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा होल्डर थोडा वर, थोडा खाली करून बघा. एका ठराविक उंचीला बल्ब आला की सगळा ग्लोब एकसारखा भरतो आणि खाली उजेडाचं वर्तुळ स्वच्छ पडतं, वरखाली झाला की मधेच काळे पट्टे येतात. ती नेमकी उंची सापडली की तिथंच होल्डर पक्का करा. पेन्सिलीनं घेतलेल्या त्या कागदाचा फोटो पाठवायचा विसरू नका, मी वाट बघतोय.

प्रश्न : आमच्या वाड्यात देवघरापुढं निळ्या काचेची हंडी हाय, तीन पितळी साखळ्या, आणि वर वेगळी एक बशीच्या आकाराची काच लोंबते. ती वरची काच कशाला असते? वायरमन म्हणतो बुडाला भोक पाडून बल्ब बसवतो, देऊ काय पाडायला? आणि निळी काच अस्सल कशी ओळखायची?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भोक अजिबात पाडू देऊ नका! वायरमन भला माणूस असेल, पण जुन्या फुंकलेल्या काचेला ड्रिल लागलं की ती तिथंच तडकते, आणि नाही तडकली तरी तिची किंमत आणि तिचा मान दोन्ही गेले. त्याला सांगा की वायर साखळीतून विणत आणायची आणि होल्डर वरून आत सोडायचा. हंडी आहे तशी राहते, उद्या परत तेल घालावंसं वाटलं तर घालता येतं.

वरची काच धूर अडवायला. हंडीत मेणबत्ती लावायचे किंवा काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर तरंगती वात, तेल संपलं की वात पाण्याला टेकून विझते, काच तापून फुटत नाही. त्याची काजळी तुळईवर बसू नये म्हणून ती बशी. बऱ्याच घरांत ती फुटलेली किंवा हरवलेली असते, तुमच्याकडं जागेवर आहे हे मोठं भाग्य, ती काढून माळ्यावर टाकू नका.

अस्सल-नक्कल म्हणाल तर बुडाच्या मधोमध बोट लावा. फुंकून केलेली काच लोखंडी सळीवरून तोडतात, तिथं खडबडीत वण राहतो किंवा तो घासून गुळगुळीत केलेली उथळ खळगी असते. साच्याची रेघ दिसली तर नंतरचा माल. मग काठाला कुठं बारीक टवका गेलेला असेल तर तिथं भिंगातून बघा, निळा रंग आरपार आहे की पांढऱ्या काचेवर निळ्याचा पातळ थर आहे. दोन्ही जुन्यात मिळतात, पण थराचं काम जास्त कौशल्याचं, आणि त्यावर वेलबुट्टी कापून खालची पांढरी काच दाखवलेली असेल तर फारच उत्तम. हंड्या आजही फिरोजाबादला नव्या होतात आणि चांगल्या होतात, त्या नव्या म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. तुमची मात्र वाड्याबरोबर आलीय म्हणताय, साखळीच्या कड्या बघा, एकमेकींवर घासून आतल्या बाजूनं झिजल्यात का. ती झीज कुणाला महिन्या-दोन महिन्यांत करता येत नाही.

प्रश्न : आजोबांचा प्रभाकर कंदील सापडला. काच फुटलेली हाय. हा कुठला म्हणायचा, आणि काच मिळेल काय?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : हा कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, ओगले ग्लास वर्क्सचा. कारखाना १९१६ चा, स्वदेशीच्या लाटेतला, आणि प्रभाकर कंदील कोकणापासून आपल्या सीमाभागापर्यंत घराघरांत होता. ती जागा तेव्हा औंध संस्थानात होती. आपल्या बेळगावात सायकलीचं दुकान काढून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये ज्या माळावर गेले तोही औंधच्याच मुलखातला, तेव्हा औंधच्या राजांचे आपल्या भागावर उपकारच म्हणायचे.

काच मिळते, पण अंदाजानं घेऊ नका. तीन मापं लिहून न्या : काचेची उंची, वरच्या तोंडाची रुंदी आणि खालच्या तोंडाची रुंदी. काच नसली तरी कंदिलाच्या तारेच्या चौकटीत आणि बर्नरच्या ताटलीवर ती बसायची जागा स्पष्ट दिसते, तिथं पट्टी लावून माप घ्या. मग गल्लीतल्या जुन्या भांड्यांच्या दुकानांत विचारा, चकाचक दुकानांत नाही, जिथं अजून स्टोव्हच्या वाती आणि पिना मिळतात तिथं. फुटलेल्या काचेचे तुकडे टाकले नसतील तर आधी ते उलटसुलट करून बघा, कारखान्याचं नाव असलेला तुकडा मिळाला तर तो कंदिलाबरोबरच डबीत ठेवा.